कवड्या की मण्यार? पुण्यात घरात पट्टेरी साप दिसला तर ओळखायचा कसा

पुण्यात भाड्याचं घर बघताना आपण पाणी किती वेळ येतं ते विचारतो, पार्किंगचं विचारतो, ऑफिसला जायला कुठला रस्ता कमी तुंबतो तेही विचारतो. साप निघतात का, हे विचारायचं सुचत नाही. मग पहिला मोठा पाऊस होतो आणि एका रात्री न्हाणीच्या जाळीपाशी दीड वीत लांबीचं, गडद रंगाचं, पांढऱ्या पट्ट्यांचं काहीतरी सरकताना दिसतं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो. तीन मिनिटांत निकाल लागतो: मण्यार! चौथ्या मिनिटाला कुणीतरी काठी घेऊन दारात हजर.

घरात शिरणारा असा लहान पट्टेरी साप बहुतेक वेळा कवड्या निघतो. तो बिनविषारी आहे. पण कधीतरी ती खरोखरच मण्यार असते, आणि मण्यारीचं विष आपल्याकडच्या सापांत सर्वांत जहाल विषांपैकी आहे. म्हणून हा लेख कवड्याबद्दल असला तरी मण्यारीला बाजूला ठेवून तो लिहिताच येत नाही. कवड्या दिसतो कसा, राहतो कुठे, आणि मण्यारीपासून त्याला वेगळं कसं काढायचं, एवढंच सांगतो. साप पकडायला मात्र शिकवणार नाही. ते काम यूट्यूब बघून करणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतोच.

आधी तीन फरशा मागे

साप दिसला की पहिली गोष्ट, जिथे आहात तिथे थांबा आणि हळूहळू मागे सरका. बहुतेक नव्या फ्लॅटमध्ये दोन बाय दोन फुटांच्या फरशा असतात. तुमच्यात आणि सापात निदान तीन फरशा राहू द्या. एवढ्या लहान सापाला तेवढं अंतर भरपूर झालं.

खोलीतले सगळे दिवे लावा. मोबाइलच्या टॉर्चवर भरवसा ठेवू नका. तिच्या झोतात तपकिरी साप काळा दिसतो आणि काळा साप निळसर चमकतो. (ही चूक मी केलेली आहे, पुढे सांगतो.) मग जागेवरूनच झूम करून फोटो काढा. एक डोक्याचा आणि मानेचा, एक पाठीच्या मधल्या भागाचा, एक शेपटीचा. लोक नेमका डोक्याचाच फोटो काढतात, तोही हललेला. खरी ओळख पाठीवर आणि शेपटीकडे असते.

फोटोत फरशीची एखादी सांध येऊ द्या. नंतर लांबीचा अंदाज घ्यायला तिचा फार उपयोग होतो. ‘केवढा होता?’ म्हटलं की घाबरलेला माणूस दोन्ही हात पसरून दाखवतो. फरशी तसं करत नाही.

झाडूने ढकलणं, फिनाईल ओतणं, झुरळांचा स्प्रे मारणं, बादली पालथी घालणं यातलं काही करू नका. औषध मारलं की साप जात नाही, तो दिसेनासा होतो, आणि वॉशिंग मशीनच्या मागे गेलेला साप डोळ्यांसमोरच्या सापापेक्षा कितीतरी जास्त त्रास देतो.

कवड्या: दिसायला कसा

पूर्ण वाढलेला कवड्या बहुधा एका फरशीत मावतो. फूट-दीड फूट ही नेहमीची लांबी; अडीच फुटांच्या आसपासचा म्हणजे फारच मोठा. अंगाने सडपातळ, करंगळीएवढा जाड किंवा त्याहून बारीक. अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू साधारण पेन्सिलीएवढं.

रंग तपकिरी. पण तपकिरी म्हणजे किती तऱ्हा! कुणी पाण्यात केलेल्या कॉफीच्या रंगाचा, कुणी जुन्या सागवानी कपाटाच्या, कुणी राखाडीकडे झुकणारा. त्यावर आडवे पांढरे किंवा पिवळसर पट्टे. हे पट्टे स्वच्छ रेघ मारल्यासारखे नसतात, त्यांत तपकिरी ठिपके मिसळलेले असतात आणि कडा विस्कटलेल्या असतात. पट्टा पाठीवरून कुशीकडे उतरताना रुंद होतो किंवा फाटा फुटल्यासारखा दुभागतो, त्यामुळे बाजूने पाहिलं तर त्रिकोण-त्रिकोण दिसतात. पाठीवरच्या त्या खुणा पाहून कवड्यांची माळ आठवते.

मानेवर पांढरट रुंद पट्टा असतो, गळपट्टी घातल्यासारखा. तिथून पट्टे सुरू होतात आणि पुढच्या अर्ध्या अंगावर ठळक असतात. शेपटीकडे जाताना ते विरत जातात आणि शेवटी नुसता तपकिरी रंग उरतो. ही खूण नीट लक्षात ठेवा.

डोकं चपटं, नाकाकडे थोडं पसरट, मानेपेक्षा जरासं रुंद. डोळे काळेभोर, मण्यासारखे, किंचित बाहेर आलेले. बाहुली वेगळी दिसत नाही. वरच्या ओठाची कड पांढरट, तिच्यावर तपकिरी डाग. पोट पांढरं, मोत्यासारखं.

आता घोटाळा असा की काही कवड्यांना पट्टे जवळजवळ नसतातच. मानेवरची फिकट खूण सोडली तर अख्खा साप तपकिरी. अशा सापाला कुणी मण्यार म्हणत नाही, पण मग ‘हे नागाचं पिल्लू तर नाही ना’ अशी नवी शंका निघते.

शास्त्रीय नाव लायकोडॉन ऑलिकस. लायकोडॉन म्हणजे लांडग्याच्या दातांचा. जबड्यात पुढे काही दात सुळ्यांसारखे लांब असतात. सापसुरळीचं अंग गुळगुळीत आणि टणक खवल्यांचं असतं, ती तोंडातून निसटू नये म्हणून हे दात. विषाशी त्यांचा संबंध नाही. ऑलिकस म्हणजे दरबारी, राजवाड्यातला. हे नाव स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली दिलं. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या तुळयांमधून पालींच्या मागे फिरणाऱ्या या सापाला दरबारी म्हणणं मला तरी पटतं.

मण्यार: दिसायला कशी

काळी. निळसर झाक असलेला, पॉलिश केल्यासारखा चकचकीत काळा रंग. वयाने मोठी मण्यार सहज तीन फूट भरते, काही त्याहून बऱ्याच लांब. पाठीवर चाळीसेक बारीक पांढऱ्या रेघा, बऱ्याचदा दोन-दोन जवळजवळ, जोडीने. रेघा सुरेख, कडा स्पष्ट. डोक्यामागे बऱ्याच अंतरापर्यंत त्या नसतात, किंवा पाठीच्या मध्यावर नुसते पांढरे ठिपके असतात. मागे जावं तसतशा त्या ठळक होतात आणि शेपटीच्या टोकापर्यंत जातात. म्हणजे कवड्याच्या बरोबर उलट.

डोकं गोलसर, मानेपासून फारसं वेगळं न वाटणारं. डोळे हिचेही काळे.

आणि एक पक्की खूण: पाठीच्या कण्यावरून जाणारी खवल्यांची मधली रांग. मण्यारीत हे खवले बाजूच्या खवल्यांपेक्षा स्पष्ट मोठे आणि षटकोनी असतात. डोक्यापासून शेपटीपर्यंत षटकोनी फरशांची एकेरी ओळ घातल्यासारखे. कवड्यात मधली रांगही इतर खवल्यांसारखीच. झूम केलेला चांगला फोटो असेल तर हे दिसतं, आणि दिसलं की वाद संपतो. नागात, धामणीत, तस्करात असं काही नसतं.

पट्टे कुठून सुरू होतात, आणि हा नियम कुठे फसतो

सगळीकडे एकच सूत्र सांगतात: पट्टे मानेपासून असतील तर कवड्या, मागून सुरू होत असतील तर मण्यार. सूत्र चांगलं आहे. फक्त त्या एकट्यावर जीव टांगू नका.

काही वर्षांपूर्वी, जुलैत, आंबेगावला राहत असताना रात्री शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. त्यांच्या शू-रॅकखाली वीतभराहून जरा मोठा साप होता. दिवे गेलेले. मी मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं, पट्टे मानेजवळून दिसले, लांबी एवढीशी. ‘काकू, कवड्या आहे, बिनविषारी,’ असं मी छातीठोक सांगून टाकलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. ‘सुपलीत घेऊन बाहेर टाकू’ असंही म्हणालो. काकू माझ्यापेक्षा शहाण्या. म्हणाल्या, ‘तू थांब, सर्पमित्राला येऊ दे.’ तो आला, त्याने जोरदार बॅटरी टाकली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मण्यारीचं पिल्लू होतं.

तेव्हा कळलं ते असं. मण्यारीच्या पिल्लांना पट्टे जास्त ठळक असतात आणि पुढच्या भागावरही स्पष्ट असतात. वय वाढतं तसे पुढचे पट्टे पुसट होत जातात, त्यांचे ठिपके होतात, आणि म्हाताऱ्या मण्यारीचा पुढचा भाग कधीकधी नुसता काळा उरतो. म्हणजे ‘मागून सुरू’ हा नियम मोठ्या सापाला लागू. पिल्लांची पावसाळ्यात गाठ पडण्याची शक्यता जास्त, आणि नेमका त्याच वेळी, त्याच लांबीत नियम दगा देतो. लहान म्हणून कमी विषारी असंही नाही. पिल्लाला विष पहिल्या दिवसापासून असतं.

म्हणून निदान तीन खुणा एकाच बाजूने बोलल्या पाहिजेत: रंग तपकिरी की चकचकीत काळा, पट्टे शेपटीकडे विरतात की ठळक होतात, आणि कण्यावरचे खवले षटकोनी आहेत की नाहीत. शेपटी बघायला विसरू नका. पिल्लू असो की म्हातारी, मण्यारीच्या मागच्या भागावरचे पट्टे सहसा दिसतात. कवड्याची शेपटी सहसा कोरी असते.

यात आणखी एक भिडू आहे, पट्टेरी कवड्या. हा साध्या कवड्याचाच भाऊबंद, त्याच्याहून लहान, अंगाने काळसर आणि चमकदार, पट्टे पांढरे-पिवळट. पुण्याच्या आसपास टेकड्यांवर दगडांखाली सापडतो. रंगामुळे मण्यारीच्या जास्त जवळ जातो आणि भल्याभल्यांना चकवतो. नवशिक्याने काळा, चकचकीत, पट्ट्यांचा साप पाहिला तर तो मण्यार समजूनच चालावं. पट्टेरी कवड्याला त्यात काही वाईट वाटत नाही.

कुकरी सापाचाही अधूनमधून घोटाळा होतो, पण त्याचा हिशेब उलटा आहे: अंग फिकट तपकिरी आणि पट्टे काळे, डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण. एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही.

वागण्यावरून ओळखता येतो का?

फारसा नाही. दोघंही रात्री फिरतात. दोघंही दिवसा फटीत किंवा दगडाखाली पडून असतात. डिवचलं तर दोघंही अंगाचं गाठोडं करून डोकं आत लपवतात. ‘शांत पडलाय म्हणजे बिनविषारी’ ही समजूत सर्वांत धोक्याची, कारण दिवसा मण्यार कमालीची सुस्त असते. उलट कवड्या चिडका. हात लावला की चावतो, पुन्हा चावतो, त्या सुळ्यांनी थोडं रक्तही काढतो.

एक फरक मात्र उपयोगी आहे. कवड्या खरबरीत भिंत चढतो. गिलाव्याच्या खडबडीवर, पाइपांवर, खिडकीच्या जाळीवर पोट रोवून तो वर जातो. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या चॅनलमध्ये, मीटरच्या पेटीत, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे सापडलेला लहान साप हा बहुधा कवड्याच, कारण त्याचं खाणं म्हणजे पाल, आणि पाल तिथे असते. मण्यार जमिनीवरची. ती दुसरे साप खाते, उंदीर खाते, पाली-सरडेही खाते. पण जिन्याने, पाइपाच्या डक्टमधून ती वर येतच नाही असं समजू नका. मजल्याचा आकडा हा पुरावा नव्हे, फार तर वजन.

सरावासाठी कात

जिवंत सापावर सराव करायचा नसतो. मेलेल्यावरही नको, मेलेल्या विषारी सापाचं डोकं काही काळ चावू शकतं. पण कात निर्धोक असते आणि फुकट मिळते. पावसाळ्यात बाल्कनीच्या कोपऱ्यात, कुंड्यांमागे, गच्चीवरच्या टाकीखाली कात सापडली की फेकून देऊ नका. साप आसपास नाही ना एवढं काठीने हलवून बघा, कात उचला, कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवा आणि वर्तमानपत्रावर पसरा. मग भिंग घ्या किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ न्या.

पहिल्यांदा पाठ. कातीवर रंग जवळपास नसतो, पट्ट्यांची फिकट सावली कधी दिसते, कधी नाही. खवले मात्र जसेच्या तसे उतरलेले असतात. कण्यावरची मधली रांग शोधा. मोठे षटकोनी खवले असतील तर मण्यार. नसतील तर अंगाच्या मध्यावर तिरकी रांग धरून खवले मोजा. कवड्यात पाठीवरच्या ओळी १७ भरतात. मण्यारीत १५ ते १७, म्हणून नुसत्या आकड्यावर निकाल देता येत नाही. मोजायची सवय मात्र लागते, आणि ती पुढे कामाला येते.

मग कात उलटी करून शेपटीचा खालचा भाग बघा. पोटावर आडव्या रुंद पट्ट्या असतात. त्या संपतात तिथे गुदद्वार, त्याच्यापुढे शेपटी. कवड्याच्या शेपटीखालचे खवले जोडीजोडीने असतात, मधून नागमोडी रेघ गेल्यासारखे. मण्यारीत शेपटीखाली एकेकच रुंद खवला, मधली रेघ नाही. एवढी सोपी, एवढी पक्की खूण दुसरी नाही. पण ती साप उलटा केल्याशिवाय दिसत नाही, म्हणून जिवंत सापासाठी ती तुमच्या कामाची नाही. ती सर्पमित्राच्या आणि कातीच्या कामाची.

पहिल्या तीन-चार काती बघेपर्यंत सगळं सारखंच दिसतं. पाचवीला डोळा बसतो. माझ्याकडे जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत ठेवलेल्या सतरा काती आहेत. त्यातल्या नऊ कवड्याच्या आणि एकच मण्यारीची. बायकोने त्या पाकिटांवर ‘हे उघडू नये’ असं लाल शाईने लिहून ठेवलंय.

काचेआडचे साप बघायचे असतील तर कात्रजचं सर्पोद्यान आहे. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने ते १९८६ साली उभं राहिलं. १९८० साली ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिलेले तेच हे खैरे. पुढे १९९९ मध्ये पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला आले आणि राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं. सर्पोद्यान आता त्याचाच भाग. बुधवारी बंद असतं. गेलात तर घाईने पुढे सरकू नका. एकाच सापासमोर पंधरा मिनिटं उभं राहून कण्यावरचे खवले, मान, शेपटी एवढंच बघा.

हा साप राहतो कुठे

कवड्याचा मुलूख मोठा आहे. पाकिस्तान, भारत, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका. भारतात तर तो जवळपास सगळीकडे, सपाटीवरही आणि डोंगराळ भागातही. माणसाच्या वस्तीला चिकटून राहणारा साप असल्यामुळे बंगालीत त्याच्या नावातच घर आहे: घरचिती. केरळात त्याला वेळ्ळिवरयन म्हणतात, म्हणजे चांदीच्या रेघांचा. आणि मण्यारीला वेळ्ळिकेट्टन. तिथेही दोघांची नावं एकाच चांदीची, यावरून साम्य किती ते कळावं.

म्यानमारच्या पुढचा, म्हणजे थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्सकडचा कवड्या पूर्वी याच जातीत मोजत. आता त्याला वेगळी जात मानतात. या चुलतभावाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिंदी महासागरात ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं ख्रिसमस बेट आहे. तिथे हा साप मूळचा नव्हता. १९८७ साली तो पहिल्यांदा नोंदवला गेला, जहाजातल्या मालाबरोबर आला असावा असं मानतात. त्यानंतर तिथल्या मूळच्या पाली आणि सापसुरळ्या झपाट्याने कमी होत गेल्या, आणि त्याचा दोष मोठ्या प्रमाणात या सापावर ठेवला जातो. पालींच्या मागे घरात शिरणारा आणि खोक्यात, फटीत बसून लांबचा प्रवास करणारा साप म्हटल्यावर हे व्हायचंच. तुमच्या सामानाच्या ट्रकमधूनही तो नगरहून वाघोलीला येऊ शकतो.

मण्यारीचा मुलूख जवळपास तोच: पाकिस्तान, भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका. म्हणजे जिथे कवड्या आहे तिथे बहुतेक ठिकाणी मण्यारही आहे, आणि कवड्याचं मण्यारीसारखं दिसणं फुकाचं नाही. विषारी सापाचा वेष घेतला की घुबड आणि मुंगूस दोनदा विचार करतात. माणूस मात्र दोनदा विचार न करता काठी उचलतो, ती गोष्ट वेगळी.

विदर्भातून आलेल्यांसाठी एक टीप. तिकडे पट्टेरी मण्यार नावाचा आणखी एक साप आहे. काळे आणि पिवळे पट्टे सारख्याच रुंदीचे, शेपटीचं टोक बोथट. चंद्रपूर-गडचिरोलीचा माणूस ‘मण्यार’ म्हणतो तेव्हा कधीकधी त्याच्या डोळ्यांसमोर हा पिवळा साप असतो, आणि पुण्यातल्या काळ्या-पांढऱ्या सापाला तो ‘ही कुठली मण्यार!’ म्हणून जवळ जातो. पुण्यात जी मण्यार निघते ती काळी-पांढरीच.

शहरात दोघं दिसतात ते कडेकडेच्या भागांत जास्त: धायरी, आंबेगाव, कात्रज, बावधन, सूस, बाणेरच्या टेकडीलगत, हिंजवडीकडच्या नव्या इमारतींत जिथे कालपर्यंत शेत होतं. तळजाई आणि वेताळ टेकडीच्या पायथ्याच्या सोसायट्यांनाही सवय आहे. कवड्या मात्र पेठांतही आहे.

खात्री पटत नसेल तर

तर ती मण्यारच, असं धरून वागा. ओळख पटवण्यासाठी एक पाऊलही पुढे टाकू नका. खोलीतून मुलं आणि कुत्रा बाहेर काढा, दार लावा, दाराखालच्या फटीत टॉवेल किंवा पायपुसणं कोंबा. खिडकीतून किंवा लांबून एका माणसाने नजर ठेवावी. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा, किंवा अग्निशमन दलाला १०१ वर. सोसायटीच्या वॉचमनकडे जवळच्या सर्पमित्राचा नंबर बहुधा असतो. तो आजच घेऊन ठेवा, साप निघाल्यावर नाही. येणाऱ्याकडे वनविभागाचं ओळखपत्र आहे का ते बघा, आणि साप गळ्यात घालून फोटो काढू म्हणणाऱ्याला चहा न देता वाटेला लावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे साप मारणं, पाळणं, खेळवणं हा गुन्हा आहे.

चावा झाला तर मात्र ओळख वगैरे बाजूला. मण्यारीचा चावा कपटी असतो. दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणा कधी दिसतही नाहीत. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री काहीतरी टोचल्यासारखं वाटतं, तो कूस बदलतो आणि पहाटे पोटात कळा येतात. मग पापण्या जड होतात, उघडत नाहीत. बोलणं अडखळतं, घास गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास बंद पडू लागतो. त्यामुळे पावसाळ्यात खाली झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन उठला, तर साप कुणी पाहिला नसला तरी मण्यारीची शंका घ्यावी.

चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, फळी किंवा गुंडाळलेलं वर्तमानपत्र लावून बांधा. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. दोरीने आवळू नका, ब्लेड लावू नका, तोंडाने ओढू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने व्हेंटिलेटरची सोय असलेल्या रुग्णालयात न्या, ससूनसारख्या. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच असते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. फोटो असेल तर दाखवा, नसेल तर नसू दे. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. लक्षणं नसली तरी २४ तास दवाखान्यात राहा. मण्यारीच्या विषाची लक्षणं उशिरा दिसू शकतात, आणि ‘काही होत नाहीये’ म्हणून घरी परतणं महागात पडतं.

कवड्याच चावला हे जाणकाराने साप बघून सांगितलं असेल तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. लस लागत नाही. ती उगाच घेऊही नये. तिचीही रिॲक्शन येऊ शकते.

पुन्हा येऊ नये म्हणून

साप दिव्याकडे येत नाही. दिव्याकडे किडे येतात, किड्यांकडे पाल, पालीकडे कवड्या. बाल्कनीतला पांढरा दिवा रात्रभर चालू ठेवायचं थांबवलंत तर अर्धं काम झालं. न्हाणीच्या मोरीला बारीक जाळी, दाराखाली रबरी पट्टी, डक्टमध्ये पाइप शिरतात तिथली भोकं सिमेंटने बंद. तळमजल्यावर असाल तर खाली गादी टाकून झोपू नका. झोपावंच लागलं तर मच्छरदाणी लावा आणि तिची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचा. मण्यारीविरुद्ध याहून स्वस्त उपाय नाही. सकाळी बूट झटकून घाला.

गंधक, कार्बोलिक, वेखंड यांची रेघ ओढायला सांगणारे भेटतील. पैसे वाचवा.

आमच्या इमारतीत जिन्याखालच्या मीटरच्या पेट्यांमागे एक कवड्या राहतो. निदान तीन पावसाळे तरी तिथे कात सापडतेय, दर वेळी जराशी लांब. मीटरचं रीडिंग घ्यायला येणाऱ्या पोराला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो गेटबाहेरच थांबला. आता तो लांबून बॅटरी मारून आकडे वाचतो, आणि जाताना विचारतो, ‘काका, आहे का अजून?’